वरचे आणि खालचे

सरकारने दोन मंत्रालयं एकत्र करायचं ठरवलं, त्या बातमीने सबंध इमारतीची झोप उडाली. पण खरी पंचाईत झाली ती फुगा आणि टाचणी यांची.

इमारत मुळात एकच. वरच्या मजल्यांवर नियोजन मंत्रालय आणि खालच्या मजल्यांवर वित्त मंत्रालय. देशाने पुढे काय काय करावं हे वरच्यांनी मांडायचं, आणि त्याला पैसा कुठून आणायचा हे खालच्यांनी विचारायचं, अशी वाटणी. त्यामुळे वरचे खालच्यांना चिक्कू म्हणायचे आणि खालचे वरच्यांना हवेत तरंगणारे. लिफ्टमध्ये भेट झाली तर दोन्हीकडचे लोक मजल्यांच्या आकड्यांकडे असे टक लावून बघत, जणू तिथे काहीतरी फार महत्त्वाचं छापून येणार आहे.

फुगा वरच्यांपैकी. येत्या वर्षात देशाचे उद्योग किती वाढतील, व्यापार कुठवर जाईल याचा अंदाज बांधण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं, आणि त्याचा अंदाज नेहमी वास्तवापेक्षा जरा वर जायचा. टाचणी खालच्यांपैकी. तीही तोच अंदाज बांधायची, पण खालच्यांसाठी, आणि तिचा नेहमी जरा खाली राहायचा. ही नावं कुणी ठेवली ते आता कुणालाच आठवत नव्हतं. एवढं मात्र सगळ्यांना ठाऊक होतं की ही दोघं नवरा-बायको आहेत.

त्यांचं लग्नही अंदाजावरूनच झालं होतं. एका बैठकीत तिने त्याच्या रेल्वेच्या आकड्याला हरकत घेतली. तो भांडायला जिन्यात गेला. भांडण जिन्यातून रस्त्यावर आणि रस्त्यावरून बसथांब्यावर आलं. तिची बस आली तरी संपेना, म्हणून तोही तिच्या बसमध्ये चढला. त्याचं घर नेमकं उलट दिशेला होतं. तिकीट काढताना हे त्याच्या लक्षात आलं, पण त्याने चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

घरात तिघं. मुलगी शिकायला लांबच्या शहरात, आणि इथे ही दोघं आणि त्याची आई. सून नवऱ्याला अरे-तुरे करते हे आईला सुरुवातीला खटकलं होतं, पुढे सवय झाली. पण ऑफिसचं बोलणं जेवताना काढायचं नाही हा तिचा कायदा होता. "तुमचे टक्के तुमच्या ऑफिसात ठेवा," ती म्हणायची, "माझ्या भाजीत घालू नका." त्यामुळे दिवसभर एकमेकांचे आकडे खोडणारी ही माणसं घरी गुण्यागोविंदाने राहायची.

आता दोन्ही मंत्रालयांचं मिळून एक राष्ट्रीय अर्थ मंत्रालय होणार होतं. सचिवांनी फुग्याला बोलावून घेतलं. सचिव म्हणजे कमी बोलणारा, कपाळावर कायम एक आठी असलेला माणूस.

"बसा," ते म्हणाले. "दोन अंदाज विभागांचा आता एकच विभाग होईल. प्रमुख म्हणून समितीने तुमच्या मिसेसचं नाव काढलंय."

फुग्याला खरोखरच आनंद झाला. आणि त्याच्या मागोमाग थोडं वाईटही वाटलं, कारण ती जागा आपल्यालाच मिळेल असं त्याने मनातल्या मनात धरलं होतं. हाही अंदाज जरा वरच गेला होता.

"नियम तुम्हाला माहीत आहे," सचिव पुढे म्हणाले. "नवरा-बायकोपैकी कुणी कुणाच्या हाताखाली काम करायचं नाही. दोघांपैकी एकाला विभाग सोडावा लागेल. घरी बोला आणि सांगा."

"घरी कशाला बोलायचं? मी सोडतो."

"विचारून तरी बघा."

"साहेब, विचारलं तर ती नको म्हणेल. ती नको म्हणाली की मीही नको म्हणेन, आणि तुम्हाला तिसरंच माणूस शोधत बसावं लागेल."

सचिवांच्या कपाळावरची आठी थोडी सैल झाली. "मग तुम्हाला कुठे टाकू?" त्यांनी समोरचा कागद उलटा केला. "एक काम आहे. नव्या मंत्रालयाची ओळख लिहायचीय. इतिहास आणि कार्य. लोकांना कळेल अशी. आणि खाली मुख्य दाराशी ती मोठी खोली आहे ना, तिथे लोकांसाठी दालन उघडायचंय. लोक येतील, वाचतील, काही विचारायचं तर विचारतील."

त्या खोलीत आजवर मोडक्या खुर्च्या ठेवत. फुगा हो म्हणाला आणि बाहेर आला. जिना उतरताना त्याला वाटलं, चला, आपलीही रवानगी अडगळीत झाली.

संध्याकाळी त्याने घरी सांगितलं की आकड्यांचा कंटाळा आला म्हणून आपण स्वतःच बदली मागून घेतली. टाचणीने ऐकून घेतलं.

"तू खोटं बोलताना चष्मा पुसतोस," ती म्हणाली. "आत्ता दोनदा पुसलास. काय झालं ते नीट सांग."

त्याने सांगितलं. तिचा चेहरा उतरला. "म्हणजे माझ्या नोकरीचं तुला विचारलं, आणि तू मला न विचारता उत्तर देऊन मोकळा झालास. मोठेपणा केलास खरा, पण हे बरं केलं नाहीस."

तिचं खरं होतं, हे त्यालाही कळत होतं. जेवताना दोघंही गप्पच. आईने एकदा मुलाकडे पाहिलं, एकदा सुनेकडे, आणि हातातला घास ताटात ठेवला.

"कुणी गेलं का रे?"

"नाही गं आई."

"मग सुतक कशाचं पाळताय?"

शेवटी आईचाच कायदा मोडून सगळं सांगावं लागलं. आईने शांतपणे ऐकलं. "म्हणजे सून साहेब झाली?"

"हो."

"आणि तू काय करणार?"

"मंत्रालयाचा इतिहास लिहिणार."

"बरंच झालं की! लहानपणी शाळेतून आलास की दप्तरही न ठेवता गोष्टी सांगत बसायचास. हे आकडे मधेच कुठून शिरले ते मला अजून कळलेलं नाही."

टाचणीला हसू आवरेना. हसू आलं आणि रागाची हवाच गेली. मागची आवराआवर करताना ती त्याला म्हणाली, "जागा मी घेते. पण एक अट आहे. तू लिहिणार ते फुगवायचं नाही."

"आणि तू ते बाकी सगळ्यांच्या आधी वाचायचं नाही."

"कबूल."

मोडक्या खुर्च्या हलल्या, खोलीला रंग लागला, आणि फुगा वही घेऊन मजले पालथे घालू लागला. प्रत्येक विभागात जाऊन तो एकच विचारायचा, तुम्ही नेमकं काय करता? एका विभागाचे प्रमुख म्हणाले, "आम्ही समन्वय साधतो." कशाचा, असं विचारल्यावर म्हणाले, "सगळ्याचाच." व्यापार विभागाच्या प्रमुखांनी जेवणाची सुट्टी संपेपर्यंत सांगितलं आणि फुग्याच्या वहीत एक ओळही उतरली नाही. बाजारभावांच्या विभागातल्या एका बाईने मात्र चहा ढवळता ढवळता सांगितलं, "तेवढेच पैसे घेऊन माणूस बाजारात जातो, आणि पिशवी गेल्या वर्षीपेक्षा हलकी घेऊन येतो. ती का हलकी झाली, हे आम्ही शोधतो." फुग्याने ते जसंच्या तसं उतरवून घेतलं. बऱ्याच दिवसांनी आपल्याला कामात मजा येतेय, हे तेव्हा त्याच्या ध्यानात आलं.

इतिहासाची सुरुवात सोपी होती. युद्ध संपलं तेव्हा हे मंत्रालय म्हणजे धान्याच्या गोदामावरच्या भाड्याच्या खोल्या होत्या. काम काय, तर कोळसा कुणाला द्यायचा, कापड कुणाला आणि किती, हे ठरवणं. खाली पोती उतरायची आणि वर कारकून शिंकत बसायचे. हळूहळू परिस्थिती सुधारली. वाटपाचं काम संपलं आणि उभारणीचं सुरू झालं. रस्ते, बंदरं, कारखाने, परदेशांशी करार. मग ही इमारत उठली. इथवर फुग्याची लेखणी भरधाव चालली.

घोडं अडलं ते काचेच्या वर्षापाशी. वरच्या आणि खालच्या दोन्ही मजल्यांवर त्या वर्षाला याच नावाने ओळखत. तेव्हा नियोजन आणि वित्त हे एकाच मंत्रालयाचे दोन विभाग होते. त्या हिवाळ्यात काचेचे कारखाने बंद पडले, आणि त्यानंतर मंत्रालयाचे दोन तुकडे झाले. वरच्यांचं म्हणणं, हे खालच्यांमुळे झालं. खालच्यांचं म्हणणं, वरच्यांमुळे. दोन्ही बाजूंनी तिखट-मीठ लावून इतक्या वर्षांत त्याची दंतकथा झाली होती.

म्हणून फुग्याने त्या काळच्या दोन माणसांना बोलावलं. एक त्याचे जुने साहेब. समोरच्याचं शुद्धलेखन तपासल्याशिवाय त्यांना राहवत नसे, म्हणून त्यांना सगळे मास्तर म्हणत. दुसऱ्या म्हणजे टाचणीच्या जुन्या साहेब, मोठ्या बाई. दोघंही केव्हाच निवृत्त झालेली, आणि काचेच्या वर्षी दोघंही नुकतीच नोकरीला लागलेली.

मोठ्या बाई काठी टेकत आल्या. मास्तर आधीच येऊन बसले होते. त्यांना एका कानाने कमी ऐकू यायचं, आणि तोच कान त्यांनी बाईंच्या खुर्चीकडे केला होता.

"मुद्दाम करतात," बाई फुग्याला म्हणाल्या.

"काय म्हणतात त्या?" मास्तरांनी विचारलं.

फुग्याने मधे बसून चहा ओतला. "मला फक्त क्रम सांगा. आधी काय झालं, मग काय झालं."

"आधी यांनी कारखान्यांना नव्या भट्ट्या बांधायला लावल्या," बाई म्हणाल्या. "मागणी वाढणार म्हणून. बिचाऱ्यांनी कर्ज काढून बांधल्या."

"बांधायलाच हव्या होत्या! मागणी होतीच. पण यांनी इंधनाची परदेशी खरेदी निम्म्यावर आणली ना."

"परकीय चलनच नव्हतं. कुठेतरी कापायलाच हवं होतं. इंधन कापलं."

"भट्ट्या उभ्या राहतायत हे माहीत असून?"

"कुणाला माहीत होतं?" बाई थांबल्या. "भट्ट्यांचं आम्हाला कळलं ते पुढे वर्तमानपत्रातून."

मास्तरांनी मान वळवली. आता त्यांचा चांगला कान बाईंकडे आला. "इंधन कापल्याचं आम्हालाही तसंच कळलं. वर्तमानपत्रातून."

"पण तुम्ही एका जिन्याच्या अंतरावर होता," फुगा म्हणाला.

"जिना होता हो," मास्तर म्हणाले. "पण आमच्या साहेबांचं आणि यांच्या साहेबांचं बोलणं नव्हतं. आम्ही खाली निघालो की विचारायचे, खाली तुमचं काय काम?"

"आणि आम्हाला वर जायचं तर चिठ्ठी लागायची. चिठ्ठीवर साहेबांची सही. ती ते करायचे नाहीत."

"पण बोलणं का नव्हतं?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "कुठल्याशा समारंभात एकाची खुर्ची मागच्या रांगेत लागली होती म्हणे," मोठ्या बाई म्हणाल्या. "मग ते सगळं झालं, आणि सरकारने तोडगा काय काढला? जे बोलत नव्हते त्यांना वेगळी मंत्रालयं दिली."

मास्तरांना आधी हसू आलं, मग ठसका लागला. बाईंनी आपला पाण्याचा पेला त्यांच्यापुढे सरकवला. त्यानंतर दोघं जुन्या सहकाऱ्यांची चौकशी करत इतका वेळ बसली की फुग्याला दुसऱ्यांदा चहा मागवावा लागला.

फुग्याने ते सगळं लिहून काढलं. एका विभागाने भट्ट्या बांधायला सांगितल्या, दुसऱ्याने त्यांचं इंधन कमी केलं, दोघांनी एकमेकांना विचारलं नाही, कारखाने थंड पडले आणि कामगारांना हिवाळाभर घरी बसावं लागलं. खुर्चीचा किस्साही त्याने चवीने घातला. आणि शेवटी एक झोकदार वाक्य लिहिलं: "आता दोन्ही भाग एकत्र आल्यामुळे असं पुन्हा कधीही होणार नाही."

सगळ्या विभागप्रमुखांच्या बैठकीत मसुदा वाटण्यात आला. टाचणीही तो पहिल्यांदाच वाचत होती. सचिवांच्या कपाळावरची आठी खोल गेली.

"ही ओळख आहे की कबुलीजबाब?" त्यांनी विचारलं.

"लोक विसरलेत," व्यापार विभागाचे प्रमुख म्हणाले. "आपणहून आठवण कशाला करून द्यायची? हा परिच्छेदच काढून टाका." दोन-तीन माना डोलल्या. समन्वयवाले प्रमुख म्हणाले की यावर समन्वय साधावा लागेल.

मग सगळे टाचणीकडे बघू लागले. तिने पेन्सिल काढली. "माझा एका वाक्याला आक्षेप आहे."

फुग्याने आपली प्रत जवळ ओढली.

"शेवटच्या," ती म्हणाली. "पुन्हा कधीही होणार नाही, हे कशावरून? माझ्या विभागाला असा अंदाज देता येत नाही."

कुणीतरी खुदकन हसलं. ती मात्र हसली नाही. "या वाक्यामुळे वरचं सगळं जाहिरातीसारखं वाटतंय. आधीचे वाईट, आम्ही चांगले. म्हणून तुम्हा सगळ्यांना ते खुपतंय. हे वाक्य काढा, म्हणजे ती फक्त घडलेली गोष्ट उरेल. घडलेली गोष्ट सांगायला आपण का घाबरायचं? लोकांनी ती भोगलीय."

"मग शेवटी काय लिहू, मॅडम?" फुग्याने विचारलं. ऑफिसात तो तिला मॅडम म्हणायचा, आणि आज पहिल्यांदाच त्यात चेष्टा नव्हती.

"आपलं काम लिही. लिहा," तिने सुधारून घेतलं. "अंदाज बांधणं, कर ठरवणं, खर्चाची वाटणी, बाहेरच्या देशांशी व्यवहार, हे सगळं वर आलंच आहे. इथे लिहा की हे करताना एकमेकांना विचारणं हे या मंत्रालयाचं पहिलं काम आहे. आणि चुकलं तर लोकांना वेळेवर सांगणं, हे दुसरं."

सचिव मसुदा घेऊन मंत्र्यांकडे गेले. दोन दिवसांनी तो परत आला. काचेचा परिच्छेद होता तसाच होता. समासात मंत्र्यांच्या अक्षरात एवढंच होतं: खुर्चीचं लिहू नका.

त्या संध्याकाळी बसमध्ये फुगा खिडकीबाहेर बघत बसला होता.

"रागावलास?" तिने विचारलं.

"छे. पण तेच वाक्य मला सगळ्यांत आवडलं होतं."

"ठाऊक आहे," ती म्हणाली आणि त्याच्या हातातली पिशवी आपल्या मांडीवर घेतली.

दालन उघडलं. पहिले काही दिवस बाहेरच्या उन्हाला कंटाळलेले लोक आत येऊन नुसते बसायचे. मग हळूहळू भिंतीवरचं वाचायला लागले, आणि विचारायलाही. एके सकाळी एक बाई आल्या. हात कोपरापर्यंत स्वच्छ, बोटांची कातडी साबणाने सुरकुतलेली. काचेच्या वर्षाचा मजकूर त्यांनी दोनदा वाचला.

"माझे वडील काच फुंकायचे," त्या फुग्याला म्हणाल्या. "त्या हिवाळ्यात घरी बसले ते कायमचेच. मालकाने घात केला, असं मरेपर्यंत म्हणायचे. मालकही पुढे कंगाल होऊन आमच्याच गल्लीत राहायला आला, पण वडील त्याच्याशी एक शब्द बोलले नाहीत."

"तेव्हाच कुणीतरी येऊन त्यांना हे सांगायला हवं होतं," फुगा म्हणाला.

"हवं होतं. आज घरी गेले की आईला सांगेन. ती आहे अजून." त्यांनी डोळ्यांच्या कडा पुसल्या आणि लगेच पदर सावरून खुर्ची ओढली. "पण मी त्यासाठी नाही आले. बाहेर पाटी आहे, विचारा म्हणून. माझी लाँड्री आहे. हॉटेलांच्या चादरींचं काम मिळतंय. कर्ज काढून मोठं मशीन घेऊ, की थांबू?"

घ्या बिनधास्त, असं फुग्याच्या अगदी जिभेवर आलं होतं. ते गिळून त्याने टाचणीला फोन केला. ती फोनवरच उत्तर देईल असं त्याला वाटलं होतं, पण ती स्वतः खाली आली आणि बाईंच्या शेजारी बसली. हॉटेलं कोणती, काम बारमाही की हंगामी, आहे ते मशीन किती जुनं, सगळं तिने विचारून घेतलं.

"घ्या किंवा घेऊ नका हे मी सांगणार नाही," ती म्हणाली. "व्याज यंदा उतरेल असं मला दिसत नाही. प्रवासी वाढतायत, हॉटेलं भरतायत, हे खरं आहे. पण हॉटेलवाल्यांशी वर्षभराचं लेखी करून घ्या, त्याशिवाय कर्जावर सही करू नका."

"तरी घेतलंत तर फार बिघडणार नाही," फुग्याला राहवलं नाही.

"यांचं मत नेहमी एक पायरी वर असतं," टाचणी म्हणाली.

"आणि तुमचं?" बाईंनी विचारलं.

"एक पायरी खाली."

बाईंनी आळीपाळीने दोघांकडे पाहिलं. "मग मी मधल्या आकाराचं घेते," त्या म्हणाल्या आणि उठल्या. दारातून वळून त्यांनी मजकुराची एक प्रत मागून घेतली, आईसाठी.

त्या गेल्यावर टाचणी तशीच बसून राहिली. "असे रोज येतात?"

"येतात की. काल एक सुतार आला होता. परदेशी लाकडावरचा कर का वाढला म्हणून माझ्यावर तासभर डाफरला."

"वर मला कुणी असं काही विचारत नाही रे. वर नुसते टक्के विचारतात." तिने खोलीभर नजर फिरवली. "दर बुधवारी सकाळी मी इथे बसत जाईन. माझ्यासाठी एक टेबल टाक. तुझ्या शेजारी नको, तू मधे मधे बोलतोस. तिकडे, खिडकीपाशी."

पुढच्या बुधवारी टेबल खिडकीपाशी होतं आणि त्याच्यापुढे रांग लागली होती. सचिवांचा फोन आला, बैठक सुरू व्हायचीय, मॅडम कुठे आहेत? फुग्याने खिडकीकडे पाहिलं. टाचणी एका म्हाताऱ्या दुकानदाराला काहीतरी समजावत होती, तो मान हलवत नाही नाही म्हणत होता, आणि ती मनापासून हसत होती.

"साहेब," फुगा म्हणाला, "थोडा उशीर होईल. तुम्हीच खाली येता का? चहा मागवतो."

"बरं," सचिव म्हणाले. "आलो."